विटंबना, विटाळ आणि सॅक्रिलिजस: सांगलीतल्या एका भाषांतर सेवेची पारख

सांगलीत मराठीचं इंग्रजी करून देणारी दुकानं आता बरीच झाली आहेत. सातबारा, शाळा सोडल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र, परदेशी निघालेल्या पोरांचे कागद हे सगळं साच्यातलं काम. ते बहुतेक ठिकाणी नीट होतं. कस लागतो तो देवस्थानचा फलक, मूर्तीच्या विटंबनेचा तक्रार अर्ज, दर्ग्याची सूचना असलं काही टेबलावर आलं की. तिथे साचा चालत नाही, आणि एक शब्द वाकडा पडला तर माणसं दुखावतात. म्हणून विश्रामबाग भागातल्या एका भाषांतर आणि डीटीपी सेवेची पारख करताना आम्ही नमुन्यादाखल पाच मजकूर तयार केले. पाचही मजकूर एकाच इंग्रजी शब्दाच्या आसपास फिरतात. तो शब्द म्हणजे सॅक्रिलिजस, पवित्र मानलेल्या गोष्टीचा अवमान करणारा.

दर शब्दाला दीड रुपया, पण काम कितीही लहान असलं तरी 200 रुपयांच्या खाली नाही. खर्डा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर येतो. दोन दुरुस्त्या त्याच पैशात, फलकाची छपाई वेगळी. टाइप करणारा मुलगा आणि तपासणाऱ्या मॅडम अशी दोन माणसं आहेत, आणि या दोघांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आधी शब्दाबद्दल, कारण तो नीट कळल्याशिवाय सेवेला गुण देता येणार नाहीत. लॅटिनमध्ये सासेर म्हणजे पवित्र आणि लेगेरे म्हणजे उचलणं, गोळा करणं. देवळातली वस्तू उचलून नेणाऱ्याला लॅटिनमध्ये सॅक्रिलेगस म्हणत. आपल्याकडे दानपेटी फोडणारा किंवा देवाचा मुकुट लांबवणारा, तोच हा माणूस. पुढे अर्थ चोरीपुरता राहिला नाही, पवित्र गोष्टीशी केलेलं कुठलंही अनादराचं कृत्य त्यात आलं. कृत्य हा भाग मात्र कायम राहिला. रिलिजस या शब्दाशी याचं मुळातून नातं नाही. कानाला ते वाटतं, कारण आज बहुतेक इंग्रजी बोलणारे 'सॅक्रिलिजस' असा, रिलिजसशी यमक जुळेल असा उच्चार करतात. स्पेलिंगची सगळी गडबड या यमकामुळे होते.

बरोबर स्पेलिंग बारा अक्षरांचं: एस, ए, सी, आर, आय, एल, ई, जी, आय, ओ, यू, एस. पाचवं अक्षर आय, सातवं ई. चुकणारा माणूस या दोघांची अदलाबदल करतो आणि शब्दाच्या पोटात रिलिजस घालून ठेवतो. लक्षात ठेवायचा सोपा उपाय म्हणजे नाम आठवायचं. सॅक्रिलिज आणि प्रिव्हिलेज या दोन्हींची शेपटी एकच: एल, ई, जी, ई. ज्याला प्रिव्हिलेज लिहिता येतं त्याचं हे चुकत नाही. बँकेच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या पोरांनी एवढं जरी घोकलं तरी स्पेलिंगच्या प्रश्नात फसगत होणार नाही. उच्चारात आणखी एक बारकावा आहे: नामात जोर पहिल्या 'सॅ'वर पडतो, विशेषणात तो 'लि'वर सरकतो.

या सेवेत हे स्पेलिंग चुकलं, आणि का चुकलं ते समजून घेण्यासारखं आहे. नमुना होता कृष्णाकाठच्या देवळासाठी 4 बाय 3 फुटांचा फलक. टाइप करणाऱ्या मुलाने मजकूर वर्डमध्ये टाइप केला, आणि फलक म्हणून सगळा कॅपिटल अक्षरांत. तिथल्या वर्डची सेटिंग अशी होती की पूर्ण कॅपिटलमधला शब्द स्पेलिंगसाठी तपासलाच जात नव्हता. त्यामुळे लाल रेघ उमटली नाही. तिथून मजकूर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये गेला, फ्लेक्ससाठी अक्षरांचे कर्व्हज झाले. कर्व्हज झाले की तो मजकूर राहत नाही, नुसता आकार होतो. मग कुठलाही स्पेलचेक त्याला हात लावू शकत नाही, आणि एक अक्षर बदलायचं तरी ओळ नव्याने टाइप करावी लागते. उपाय दोन मिनिटांचा आहे. मजकूर आधी साध्या लहान अक्षरांत टाइप करायचा, तपासायचा, आणि कॅपिटल शेवटी करायचे. किंवा वर्डच्या प्रूफिंगच्या पर्यायांत जाऊन अपरकेस शब्द वगळण्याची खूण काढून टाकायची. हे दुकानाला सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच खूण काढली, त्याबद्दल एक गुण जास्त.

पण फलकातली मोठी चूक स्पेलिंगची नव्हतीच. मूळ ओळ होती, 'मंदिराचे पावित्र्य राखा, पादत्राणे बाहेर काढा.' पहिल्या खर्ड्यात आलं, 'सॅक्रिलिजस पर्सन्स आर नॉट अलाउड.' म्हणजे चप्पल काढायची विनंती राहिली बाजूला आणि येणाऱ्या भाविकावर आरोप ठेवला गेला. हे विशेषण कृत्याला लागतं: सॅक्रिलिजस ॲक्ट. माणसाला लावलं तर व्याकरण मोडत नाही, पण फार जड आणि दोष देणारं होतं. फलकावर तर ते मुळीच नको. मराठी ओळीत पावित्र्य 'राखा' म्हटलंय, तसंच इंग्रजीतही राखायलाच सांगावं: 'प्लीज मेन्टेन द सँक्टिटी ऑफ द टेम्पल. प्लीज लीव्ह युअर फुटवेअर आउटसाइड.' यात सँक्टिटी हा शब्द छापताना फार जपावं लागतं. मधलं सी आणि एक टी गळालं की सॅनिटी होतं, म्हणजे देवळाची मानसिक शुद्ध राखा असा अर्थ. सॅनिटी हा इंग्रजीत खरा शब्द आहे, त्यामुळे स्पेलचेक तो मुकाट्याने सोडतो. तिथे डोळ्यांनीच वाचावं लागतं. मॅडमनी दुसऱ्या खर्ड्यात ओळ जवळजवळ अशीच करून दिली आणि सँक्टिटी बरोबर होतं.

दुसरा नमुना तक्रार अर्जाचा होता. गावदेवीच्या मूर्तीची विटंबना झाली, अज्ञात व्यक्तीने केली, चौकशी व्हावी, असा मजकूर. इथे मुलाने लिहिलं, 'सम अननोन पर्सन सॅक्रिलिज्ड द आयडल.' सॅक्रिलिज हे क्रियापद म्हणून वापरत नाहीत. ते नाम आहे, आणि केलं म्हणायचं तर कमिट जोडावं लागतं. क्रियापद हवं असेल तर डिसेक्रेट: 'द आयडल वॉज डिसेक्रेटेड.' नाम डिसेक्रेशन. कॉन्सेक्रेट म्हणजे प्रतिष्ठापना करणं, पवित्र करणं; डिसेक्रेट त्याच्या उलट. विटंबना या मराठी शब्दाला सगळ्यात जवळचा इंग्रजी शब्द हाच आहे, सॅक्रिलिज त्याच्यानंतर येतो. ही गोष्ट बरेच जण उलटी शिकतात.

अर्जाच्या बाबतीत मॅडमनी केलेलं काम खरोखर चांगलं होतं. त्यांनी फोन करून विचारलं की नेमकं काय झालं: मूर्ती फुटली, तिच्यावर काही टाकलं, की जागेवरून हलवली? आणि ती पूजेतली आहे की नुसती चौकातली? मूळ मराठीत यातलं काहीच नव्हतं, नुसतं 'विटंबना' होतं. भाषांतर करणाऱ्याने हे विचारायलाच हवं, कारण मराठीत विटंबना या एका शब्दात चार-पाच वेगळी कृत्यं मावतात आणि इंग्रजीत प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. फुटली तर ब्रोकन किंवा डॅमेज्ड, घाण टाकली तर डिफाइल्ड, रंग फासला तर डिफेस्ड. अर्जात आधी हे उघडं कृत्य लिहावं, वेळ आणि जागा लिहावी, मग हवं तर डिसेक्रेशन म्हणावं. सॅक्रिलिजस हा निवाड्याचा शब्द आहे, तो पहिल्याच ओळीत टाकला की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला घडलं काय ते कळत नाही. कायद्याची भाषाही अशीच आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 298 मध्ये, आणि त्याआधी भारतीय दंड संहितेच्या कलम 295 मध्ये, प्रार्थनास्थळ किंवा पवित्र मानलेली वस्तू नष्ट करणं, तिचं नुकसान करणं किंवा ती डिफाइल करणं असे शब्द आहेत. सॅक्रिलिज तिथे नाही. कुठलं कलम लावायचं ते वकील आणि पोलीस बघतील, पण अर्जाची भाषा कायद्याच्या भाषेजवळ असली की काम अडत नाही.

राष्ट्रध्वजाचं तसंच. 1971 च्या राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायद्यात ध्वज जाळणं, छिन्नविच्छिन्न करणं, विद्रूप करणं, पायदळी तुडवणं यांना स्वतंत्र क्रियापदं आहेत. इंग्रजीत ध्वजाबद्दल डिसेक्रेशन किंवा इन्सल्ट म्हणतात, सॅक्रिलिज शक्यतो नाही. नेत्यांच्या पुतळ्यांबद्दलही डिसेक्रेशन किंवा व्हँडलिझम असंच येतं. भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रांत सॅक्रिलिज बातमीच्या मथळ्यात सारखा दिसतो तो पंजाबच्या संदर्भात, गुरू ग्रंथ साहिबच्या बेअदबीसाठी. तिथे तो रूढ झाला आहे आणि तिथे तोच बरोबर आहे.

याच अर्जात एक धोक्याची जागा होती आणि मुलगा तिथे घसरला. अर्जाच्या विषयाच्या ओळीत त्याने 'आयरनी ऑफ आयडल' असं काहीतरी आणलं होतं. हे येतं हिंदीतून. हिंदीत विडंबना म्हणजे नियतीचा उलटा खेळ, आयरनी. मराठीत विडंबन म्हणजे पॅरडी. आणि विटंबना या दोन्हींहून निराळी. ट आणि ड यांच्यात नजर चुकली, किंवा हिंदी शब्दकोशातून उचललं, की असा घोळ होतो. मोबाइलवर मराठी टाइप करताना मूळ मजकुरातच 'विडंबना' पडलेलं असतं, तेव्हा दुकानात देण्याआधी आपणच एकदा बघून घ्यावं.

तिसरा नमुना मुद्दाम अवघड ठेवला होता. जुन्या गावगाड्यावरच्या लेखातला एक परिच्छेद, त्यात सोवळं, विटाळ, बाटणं हे शब्द. इथे या सेवेचे सगळ्यात कमी गुण. प्रत्येक ठिकाणी सॅक्रिलिजस टाकून मोकळे झाले, आणि मॅडमच्या नजरेतूनही ते सुटलं. विटाळ म्हणजे सॅक्रिलिज नव्हे. विटाळात हेतू लागत नाही. घरात सुतक आलं की कुणी काही न करता विटाळ होतो, आणि दहा-तेरा दिवसांनी तो फिटतोही. सॅक्रिलिज हे कुणीतरी केलेलं कृत्य असतं आणि ते दिवस मोजून फिटत नाही. विटाळाला रिच्युअल इम्प्युरिटी किंवा रिच्युअल पोल्यूशन. 'सोवळ्याशिवाय गाभाऱ्यात प्रवेश नाही' याला, 'एन्ट्री टू द इनर सँक्टम ओन्ली इन रिच्युअली प्युअर ड्रेस.' त्यात कुणाचा अवमान नाही, फक्त नियम आहे.

आणि याच शब्दाची दुसरी बाजू फार जपून हाताळायची आहे. माणसाच्या स्पर्शाने, सावलीने विटाळ होतो असं म्हणत या भूमीवर माणसांना पाणवठ्यावरून आणि देवळातून हाकललं गेलं. घटनेच्या 17 व्या अनुच्छेदाने ती प्रथा संपवली. अशा उताऱ्यात 'हिज टच वॉज सॅक्रिलिजस' असं लिहिलं तर तो आरोप लिहिणाऱ्याचा स्वतःचा होतो, आणि ज्याच्यावर अन्याय झाला तोच दोषी ठरतो. तिथे 'वॉज हेल्ड टु बी पोल्यूटिंग' असं लिहावं. 'हेल्ड टु बी', म्हणजे तसं मानलं जात होतं. या तीन लहान शब्दांनी मानणारे वेगळे राहतात आणि लिहिणारा वेगळा. आमच्या मते पूर्ण मजकुरात सगळ्यात महत्त्वाची दुरुस्ती हीच होती, आणि ती आम्हाला सांगावी लागली.

चौथा नमुना मिरजेच्या तंतुवाद्यांचा. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि बाहेरचे लोक वाद्यं बघायला येतात, त्यांच्यासाठी हे छोटं परिचयपत्रक. त्यातली एक ओळ अशी: 'तंबोऱ्याला पाय लागू देऊ नये, चुकून लागला तर वाद्याला हात लावून नमस्कार करतात.' खर्ड्यात आलं, 'टचिंग तानपुरा विथ फूट इज सॅक्रिलिज, से नमस्ते.' चुकून लागलेला पाय सॅक्रिलिज होत नाही, तो सहज घडणारा प्रमाद आहे आणि त्याची भरपाई लगेच त्या नमस्कारात होते. इंग्रजी वाचकाला सॅक्रिलिज वाचून असं वाटेल की कुणी मुद्दाम लाथ मारली. शिवाय 'से नमस्ते' म्हणजे तंबोऱ्याला तोंडाने नमस्ते म्हणायचं, असा अर्थ होतो. दुरुस्त ओळ: 'इट इज कन्सिडर्ड डिसरिस्पेक्टफुल टु टच द इन्स्ट्रुमेंट विथ द फूट. इफ इट हॅपन्स बाय ॲक्सिडेंट, पीपल टच द इन्स्ट्रुमेंट अँड देन देअर फोरहेड.' हात वाद्याला, मग कपाळाला. आपल्याला हे सांगावं लागत नाही, परक्या माणसाला प्रत्येक हालचाल सांगावी लागते. त्याच पत्रकात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ ख्वाजा शमशुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात होणाऱ्या संगीत सभेचा उल्लेख होता. तो भाग स्वच्छ उतरला, नावंही नीट.

पाचवा नमुना भडंगाच्या पाकिटामागचा, आणि यात मात्र दुकान अगदी पास. मूळ ओळ, 'या भडंगावर केचप घालणे म्हणजे पाप!' चुरमुरे, शेंगदाणे, लसूण आणि लाल तिखटाच्या खमंग भडंगाबद्दल लाडाने म्हटलेलं हे वाक्य आहे. मॅडमनी केलं, 'ॲडिंग केचप टु धिस वुड बी सॅक्रिलिज.' इंग्रजीत खाणं, क्रिकेट, गाणं याबद्दल हा शब्द असा लाडाने सर्रास वापरतात. 'ऑलमोस्ट सॅक्रिलिजस' हाही ठेवणीतला प्रयोग आहे. सॅक्रिलिजच्या आधी 'अ' लावला नाही हेही बरोबर; अशा वाक्यात तो सहसा लावत नाहीत. सिन शब्दही चालला असता, पण पाकिटावर तो उपदेशासारखा वाटतो. ब्लास्फेमी इथे किंचित चुकतो. ब्लास्फेमी बोलण्यातून होते, ईशनिंदा, सॅक्रिलिज करण्यातून. केचप घालणं हे सॅक्रिलिज, आणि भडंग बेचव असतो असं म्हणणं ही ब्लास्फेमी. एवढा फरक धरला की दोन्ही शब्द आयुष्यात कधी चुकत नाहीत. हेरसी मात्र तिसरीच गोष्ट: धर्माच्या मान्य मताला सोडून वेगळं मत धरणं, पाखंड. आणि प्रोफेन मूळ लॅटिनमध्ये देवळाच्या बाहेरचं. आज तो बहुतेक शिवराळ भाषेसाठी येतो, म्हणून फलकावर किंवा अर्जात तो टाळलेला बरा.

एकूण आम्ही या सेवेला पाचपैकी साडेतीन देतो. साच्यातली कामं डोळे झाकून द्या. देवाधर्माचा, पुतळ्याचा किंवा जातीपातीच्या इतिहासाचा मजकूर असेल तर मॅडमनी स्वतः वाचावा असं देतानाच सांगा, आणि 'विटंबना' एवढंच न लिहिता काय केलं, कोणत्या वस्तूला केलं, मुद्दाम की चुकून, हे दोन ओळींत जोडा. त्यामुळे एक फेरी आणि एक दिवस वाचतो. मराठी मजकूर युनिकोडमध्ये द्या. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधला कागद तिथे नव्याने टाइप करावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. फलकाचं काम असेल तर कर्व्हज करण्याआधीची प्रत मागा, ती छापील घ्या, आणि कॅपिटलमधला प्रत्येक शब्द बोट ठेवून शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा. उलटं वाचलं की डोळा अर्थाबरोबर वाहत जात नाही, अक्षर दिसतं. सही त्यानंतर करा, कारण सही झालेल्या प्रतीवर फ्लेक्स छापला की दुरुस्तीचा खर्च तिथे गिऱ्हाइकाकडूनच घेतात.